गव्हावरच्या तीन रजया

दक्षिण सोंग राजवटीची राजधानी आजच्या हांगझौ शहराच्या जागी होती. त्या नगरीचं बारीकसारीक वर्णन लिहून ठेवणाऱ्या वू त्समूने राजवाड्यातला एक लहानसा विधी नोंदवला आहे. शरदारंभाच्या दिवशी वूथोंगचं झाड महालासमोर आणून लावत. ज्योतिष-कचेरीचा अधिकारी मुहूर्ताची वाट पाहत उभा राही. घटका भरली की तो पुढे होऊन वर्दी देई, “शरद आला.” आणि त्या आवाजासरशी झाडाची एकदोन पानं गळून खाली येत.

वूथोंग आपल्याला अगदीच परकं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीत निष्पर्ण फांद्यांवर शेंदरी फुलांचे घोस मिरवणारी कौशी ही त्याची सख्खी चुलतबहीण. दोघांची पानं मोठी, रुंद, पंजासारखी खाचा असलेली. असं पान गळताना नजरेतून सुटत नाही, आणि वाळकं असेल तर पडल्याचा आवाजही येतो. चिनी मनात शरदाची पहिली खूण म्हणून वूथोंगचं पान बसलं, त्याला हे कारण पुरेसं आहे. त्या पानाभोवतीचा वाक्प्रचार चारच अक्षरांचा: ‘यी ये झ छ्यू’. एक, पान, कळणे, शरद. एका पानावरून शरद ओळखावा.

(चिनी उच्चार देवनागरीत जमतील तेवढेच लिहिले आहेत. चढउतारांचे चार सूर लिपीत येत नाहीत, आणि ‘झ’, ‘श’ ही अक्षरं इथे एकटी आली की त्यांचा उच्चार जीभ मागे वळवून करायचा.)

या वाक्प्रचाराचं मूळ राजवाड्यातल्या त्या विधीहून तेराचौदाशे वर्षं जुनं आहे. हान राजघराण्यातल्या ल्यू आन या राजपुत्राच्या दरबारात ‘ह्वायनानत्स’ हा ग्रंथ तयार झाला आणि इसवी सन पूर्व 139मध्ये सम्राटाला सादर केला गेला. त्यात म्हटलंय की पान पडताना दिसलं की वर्ष मावळतीला आल्याचं समजावं, आणि भांड्यातलं पाणी गोठलेलं दिसलं की जगभर थंडी पडल्याचं समजावं. म्हणजे मुद्दा शितावरून भाताची परीक्षा करण्याचा आहे. पानगळ बघून हुरहुर लागणं वगैरे त्यात काही नाही. मराठी किंवा हिंदी अनुवादात या चार अक्षरांना फार लवकर उदास रंग चढतो, आणि तो मुळात नाही. चिनी वर्तमानपत्रात हा शब्द येतो तो एखाद्या कारखान्याच्या आकड्यांवरून सगळ्या उद्योगाची दिशा सांगताना. त्याचा जोडीदारही लक्षात ठेवण्यासारखा आहे: एकच पान डोळ्यांपुढे धरलं तर अख्खा थायशान पर्वत दिसेनासा होतो. एक पान ऋतू सांगतं, तेच पान पर्वत झाकतं. या दोन वाक्प्रचारांतला फरक पान हातभर लांब आहे की पापणीला टेकलंय एवढाच, आणि मला ही जोडी चिनी भाषेतल्या सर्वांत शहाण्या जोड्यांपैकी एक वाटते.

आता अडचण अशी की ‘छ्यू’ला आपण ‘शरद’ म्हणतो, तिथेच पहिली ठेच लागते. चिनी पंचांगात शरदारंभ 7 किंवा 8 ऑगस्टला होतो. आपल्याकडे तेव्हा श्रावणाच्या आगेमागे सरी कोसळत असतात. आपला शरद म्हणजे पाऊस ओसरल्यावरचं आश्विन-कार्तिकातलं चांदणं. तसाच ‘छुन’ म्हणजे वसंत सुरू होतो 4 फेब्रुवारीच्या सुमारास, आणि त्या दिवशी बीजिंगमध्ये रात्रीचा पारा शून्याच्या खाली असतो. आपल्याला वसंत म्हटलं की आंब्याचा मोहोर, कोकिळा आणि दुपारची धग आठवते. त्यामुळे चिनी ‘वसंतातला बोचरा गारठा’ मराठीत आणला की वाचणाऱ्याला छापण्यात चूक झाल्यासारखी वाटते. पानगळीचंही तसंच. आपल्या जंगलांत पानं गळतात ती कोरड पडल्यामुळे, शिशिरात. सह्याद्रीतलं एक पान उन्हाळ्याची वर्दी देतं. ‘यी ये झ छ्यू’ ताम्हिणीत म्हणून चालणार नाही.

म्हणून या म्हणी वाचताना अर्थाच्या आधी पत्ता विचारावा. कुठल्या नदीकाठची? कुठल्या पिकाची? वर्षातल्या कितव्या पंधरवड्याची? ऋतूंच्या बहुतेक चिनी म्हणींचा पत्ता एकच निघतो: पिवळ्या नदीचं खोरं आणि तिच्या भोवतालचं गव्हाचं मैदान.

पंधरवडा हा शब्द इथे जपून वापरला पाहिजे. चिनी लोक ज्याला ‘ज्ये-छी’ म्हणतात तो चंद्राचा पंधरवडा नाही. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे 15-15 अंशांचे 24 तुकडे म्हणजे ज्ये-छी. चांद्रमासाची तारीख दरवर्षी मागेपुढे होते, ज्ये-छीची फार तर एखाद्या दिवसाने हलते. चीनचं जुनं पंचांग ‘चांद्र’ आहे असं सरसकट म्हणणाऱ्यांना इथे चकवा बसतो: सण चंद्रावर चालतात, शेती सूर्यावर. इसवी सन पूर्व 104च्या पंचांगात हे 24 टप्पे अधिकृतपणे दाखल झाले. 1645पर्यंत वर्षाचे दिवस समान वाटून ते काढत, नंतर समान अंशांनी काढू लागले. जानेवारीत पृथ्वी सूर्याजवळ असते आणि वेगाने फिरते, म्हणून हिवाळ्यातले टप्पे पंधरा दिवसांपेक्षा थोडे आखूड आणि उन्हाळ्यातले जवळजवळ सोळा दिवसांचे भरतात. 2016 साली युनेस्कोने हे ज्ञान मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मराठी शेतकऱ्याला ही रचना समजावून सांगायची गरजच नाही. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा ही पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्याच्या वाटेचे 13 अंश 20 कलांचे तुकडेच. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण ज्ये-छीच्या म्हणींची सख्खी बहीण आहे. मृग लागतो 7-8 जूनला, आणि ‘मांग-झोंग’ हा चिनी टप्पा 5-6 जूनला. एक फरक मात्र मोठा आहे. नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली आहेत, त्यामुळे ती ऋतूंच्या मानाने सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. ज्ये-छी संपातबिंदूला बांधलेले असल्याने ऋतूंपासून सरकत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीची चिनी म्हण आजही त्याच सूर्याखाली म्हटली जाते.

‘मांग-झोंग’ या नावातच शेत उभं आहे. ‘मांग’ म्हणजे कुसळ, ‘झोंग’ म्हणजे पेरणी. कुसळाचा गहू कापायचा आणि कुसळाचंच भात किंवा राळं लावायचं, दोन्ही त्याच आठवड्यात. उत्तर चीनच्या मैदानात गहू हे हिवाळा ओलांडणारं पीक आहे: सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, बर्फाखाली निजवायचा, जूनमध्ये कापायचा. हे एक पीक समजलं की निम्म्याअधिक म्हणी आपोआप उलगडतात.

पेरणीची म्हण घ्या. श्वेत-दव लवकर, शीत-दव उशीर, शरदसंपात गव्हाला बरोबर. ही तिन्ही ज्ये-छींची नावं: श्वेत-दव 7-8 सप्टेंबरला, शरदसंपात 23च्या सुमारास, शीत-दव 8 ऑक्टोबरला. लवकर पेरलं तर काय बिघडतं? जमीन अजून उबदार असते, रोप माजतं, हिवाळ्याच्या आधीच कांडी धरू लागतं, आणि जमिनीच्या वर आलेला कोवळा शेंडा पहिल्या कडक थंडीत जळतो. उशिरा पेरलं तर रोप दोनतीन पानांवरच थांबतं, फुटवे येत नाहीत, मुळं खोल जात नाहीत आणि वसंतात शेत विरळ दिसतं. थंडी पडण्याआधी पाचसहा पानं आणि काही फुटवे झालेले हवेत. त्यासाठी लागणारी ऊब शरदसंपातापासून पुढे जेवढी शिल्लक असते तेवढी पुरते. अक्षरं मोजून बसवलेल्या ओळीत एवढं शेतीशास्त्र आहे.

आणि हीच म्हण दक्षिणेकडे सरकली की साचा तोच राहतो, नावं बदलतात. मध्य चीनमध्ये म्हणतात: शीत-दव लवकर, शीतारंभ उशीर, हिमकण-पात बरोबर. हिमकण-पात 23 ऑक्टोबरचा, म्हणजे पेरणी महिनाभर पुढे. पत्ता बदलला तशी तारीख बदलली, आणि लोकांनी ती म्हणीतच दुरुस्त केली. आता तर हवामान तापल्यामुळे उत्तरेकडच्या मैदानातही बऱ्याच ठिकाणी पेरणी शीत-दवाच्या आसपास करायला सांगतात, कारण संपाताला पेरलेला गहू माजतो. शब्दकोशात म्हण जुनीच छापली जाते, शेतात तिची तारीख हलली आहे. म्हणीवर प्रेम असेल तर ही हालचालही नोंदवली पाहिजे.

बर्फाची म्हण सगळ्यांत गोड आहे. हिवाळ्यात गव्हाने तीन रजया पांघरल्या तर पुढल्या वर्षी वाफवलेल्या पावांची उशी करून झोपाल. हे पाव म्हणजे ‘मानथौ’: आंबवलेल्या कणकेचे, पांढरे, मऊ, उशीसारखे फुगीर. रजई ही उपमा इथे शब्दशः खरी आहे. ताज्या भुसभुशीत बर्फात बहुतांश हवाच कोंडलेली असते, कापूस भरलेल्या रजईत असते तशीच. वर पारा शून्याखाली दहाबारा अंश उतरला तरी जाड थराखालची माती शून्याच्या आगेमागे राहते आणि रोपाचा वाढबिंदू वाचतो. मार्चमध्ये तो थर हळूहळू वितळतो आणि जमिनीला नेमकी हवी तेव्हा ओल देतो. बिघडतं कुठे? बर्फ पडून लगेच वितळला आणि रात्री पुन्हा गोठला, तर रजईची काच होते. खाली हवा पोचत नाही, रोप गुदमरतं. म्हण तीन रजया मागते, पण त्या मऊ हव्यात.

याच मैदानातली दुसरी म्हण: ‘छुन यू ग्वे रू यौ’, वसंतातला पाऊस तेलाच्या मोलाचा. तिथला बहुतेक पाऊस जून ते ऑगस्टमध्ये पडतो. गहू मात्र मार्च-एप्रिलमध्ये जागा होतो, कांडी धरतो, आणि नेमकं तेव्हा आभाळ कोरडं, वारा धुळीचा. यांगत्झीच्या दक्षिणेला वसंतात आठवडेच्या आठवडे झिम्माड पाऊस असतो. तिथल्या शेतकऱ्याला ही ओळ शाळेच्या पुस्तकात भेटते, शेतात नाही. एकाच भाषेत राहूनही म्हण परगावची असू शकते.

चार अक्षरी वाक्प्रचारांना ‘छंग-यू’ म्हणतात, म्हणजे ‘सिद्ध झालेलं बोलणं’. शेतकऱ्याच्या म्हणी बोलीभाषेत असतात, छंग-यू अभिजात चिनीत. मराठी बोलताना मध्येच ‘यथा राजा तथा प्रजा’ यावं तसा तो येतो. वाचायची पद्धत सोपी आहे: बहुतेक वेळा दोन-दोन अक्षरांवर तोडायचा. हान-लाय, शू-वांग: थंडी येते, उष्मा जातो. जुन्या छंदशास्त्राच्या हिशेबाने पहिली दोन अक्षरं ‘सपाट’ गटातली, पुढली दोन ‘वळणाऱ्या’ गटातली. पुढची चार अक्षरं ‘छ्यू शौ दोंग त्सांग’, शरदात कापणी आणि हिवाळ्यात साठवण. ही जोडी सहाव्या शतकाच्या सुरुवातीला झौ शिंगस याने रचलेल्या सहस्राक्षरी बालपाठात आहे. एकही अक्षर पुन्हा न वापरता हजार अक्षरांचं सलग पद्य, आणि लिहायला शिकणाऱ्या मुलाच्या हातून पाचव्या-सहाव्या ओळीलाच ऋतुचक्र उतरतं. आपल्याकडे पाटीवर ‘श्री’ गिरवतात, तिथे थंडी-उष्मा गिरवत.

छंग-यूंमधलाच ‘वसंतात फूल, शरदात फळ’ हा वाक्प्रचार, ‘छुन ह्वा छ्यू श’, आज निरोपसमारंभांत आणि संस्थांच्या वर्धापनदिनांच्या फलकांवर इतका दिसतो की त्याची धार गेली आहे. कष्टाचं फळ मिळालं, एवढाच अर्थ उरलाय. मूळ प्रसंग वेगळा आहे. तीन राज्यांच्या काळाआधी, हान सत्ता मोडत असताना, त्साओ झ या कवी-राजपुत्राच्या पदरी दोन माणसं होती. शिंग योंग हा घरकारभारी: शिस्तीचा, कडक, आणि म्हणून राजपुत्राला नकोसा. ल्यू झेन हा सुंदर लिहिणारा, राजपुत्राचा लाडका. त्या लाडक्या ल्यू झेननेच धन्याला पत्र लिहिलं की मला जवळ करून त्याला दूर ठेवलंत, तर लोक म्हणतील तुम्ही वसंताचं फूल खुडलंत आणि शरदाचं फळ विसरलात. स्वतःला फूल म्हणून दुसऱ्याच्या पदरात फळ टाकणारा हा लेखक मला फार मोठा वाटतो. उच्चाराचीही एक गोम आहे: इथे फुलाला ‘ह्वा’ वर चढणाऱ्या सुरात म्हणायचं. रोजच्या बोलण्यातलं फूल सपाट सुरातलं असतं, आणि नवखे विद्यार्थी हटकून तेच वापरतात.

अनुवादात सर्वांत जास्त घसरायला होतं ते ‘यू हौ छुन सुन’ या वाक्प्रचारावर: पावसानंतरचे वसंतातले बांबूचे कोंब. एखादी गोष्ट भराभर, जागोजागी उगवली की चिनी माणूस हे म्हणतो. मराठी हात लगेच ‘कुत्र्याच्या छत्र्यांसारखे’कडे जातो. वेग दोन्हीकडे तोच आहे, भाव उलटा. आपल्या छत्र्यांत तुच्छता आहे, उद्या सुकून जाणार हे गृहीत आहे. बांबूचा कोंब टिकाऊ, खायला चांगला, आणि पुढे वर्षानुवर्षं उपयोगी. म्हणून तो नव्या शाळांना, नव्या उद्योगांना लावतात, बनावट डॉक्टरांना नाही. त्या वेगामागचं कारणही बघण्यासारखं आहे: कोंबात सगळी पेरं आधीच घडी घालून ठेवलेली असतात, आणि पाऊस पडल्यावर ती दुर्बिणीच्या नळ्यांसारखी एकातून एक लांबतात. ‘माओ’ बांबू चांगल्या दिवसात चोवीस तासांत मीटरभर वर जाऊ शकतो. गडचिरोलीत वास्त्यांची भाजी करणाऱ्यांना हे माहीत आहे की कोंब खुडायला दोन दिवस उशीर झाला की तो खाण्याचा राहत नाही.

शरदाकडे परत येतो, कारण चिनी भाषेचा जीव शरदात गुंतलाय. ‘छ्यू’चं चिन्ह धान्य आणि अग्नी मिळून होतं. ‘वर्ष’ या अर्थाच्या ‘न्येन’ या अक्षराचं सर्वांत जुनं रूप पाठीवर धान्य घेतलेला माणूस आहे. आपलं ‘वर्ष’ वर्षेवरून आलं, त्यांचं कापणीवरून. आपण ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतो, ते शरद मोजतात. ‘यी र सान छ्यू’: एक दिवस भेट नाही तर तीन शरद लोटल्यासारखे. गीतांच्या प्राचीन संग्रहात ही ओळ तीन महिने आणि तीन वर्षं यांच्या मधल्या कडव्यात येते, म्हणून टीकाकार इथले ‘तीन शरद’ तीन ऋतूंचे, म्हणजे नऊ महिन्यांचे धरतात. विरह क्रमाने वाढत जातो, आणि आजचा वाचक सरळ तीन वर्षं समजून तो क्रम मोडतो.

कापणीच्या दिवसांवर सगळं वर्ष अवलंबून, म्हणून ‘शरद’ म्हणजे निर्णायक वेळ. झूगे ल्यांग या प्रधानाने 227 साली स्वारीवर निघताना तरुण राजाला लिहिलं की हा जगण्या-मरण्याचा शरद आहे. ‘द्वो श झ छ्यू’, घडामोडींचा शरद, म्हणजे धामधुमीचा काळ. तो मे महिन्यातही असू शकतो, आणि भाषांतरकाराने ऋतू शोधत बसू नये. ‘शरदानंतर हिशेब’ हा शब्दही खळ्यावरून आला: पीक हाती आल्यावर देणंघेणं मिटवायचं. आज त्याचा अर्थ ‘आत्ता गप्प बसू, नंतर बघून घेऊ’ असा झालाय. आणि ‘शरदाचं आभाळ उंच, घोडे लठ्ठ’ हे वाक्य आज सहलीच्या जाहिरातीत शोभेल, पण हान काळात ती सीमेवरची धोक्याची सूचना होती. उन्हाळाभर गवत खाऊन उत्तरेच्या टोळ्यांचे घोडे तयार झाले, इकडे धान्य कोठारात पडलं, आता स्वारी येणार. आभाळ उंच वाटण्याचं कारण साधं: पावसाळी वारे मागे हटतात, खंडावरची कोरडी हवा वरून खाली बसते, दमटपणा आणि धुकट जातो आणि नजर लांब पोचते.

पण शरदारंभालाच गारवा येईल ही आशा धरायची नाही. ‘छ्यू लाओहू’, शरदातला वाघ, त्या दिवशी टपूनच असतो. हा वाघ पंचांगातच बांधलेला आहे. उन्हाळ्यातल्या सर्वांत उष्ण दिवसांना ‘सान-फू’ म्हणतात, तीन दडणी. मोजायची रीत अशी: चिनी दिवसांची दहा नावं फिरत राहतात, त्यातलं सातवं ‘गंग’. उन्हाळी अयनानंतरचा तिसरा गंग-दिवस म्हणजे पहिली दडण, चौथा म्हणजे दुसरी, आणि शरदारंभानंतरचा पहिला गंग म्हणजे तिसरी. पहिली आणि तिसरी दहा दिवसांची. मधली कधी दहा, कधी वीस. 2024मध्ये हे दिवस 15 जुलैला सुरू झाले आणि चाळीस भरले. 2025मध्ये 20 जुलैला सुरू झाले आणि तीसच. पण दोन्ही वर्षी, आणि कुठल्याही वर्षी, तिसरी दडण शरदारंभाच्या पलीकडेच पडते. म्हणजे शरद ‘आला’ तरी दहा दिवसांचा उष्मा हक्काने बाकी.

खरा गारवा पावसाच्या पायांनी येतो. एक शरदसर, एक थंडी. दहा सरी, की कापसाचे कपडे. उत्तरेकडून थंड हवा खाली घुसते, उबदार दमट हवेला उचलते, त्यातून पाऊस पडतो, आणि सर ओसरल्यावर मागे उरते ती थंड हवाच. वसंतात नेमकं उलट होतं: दक्षिणेची ऊब चढाई करून येते, म्हणून ‘एक वसंतसर, एक ऊब’. दोन्ही म्हणींत पाऊस सारखाच दिसतो. कुठल्या बाजूची हवा जिंकली, एवढंच म्हणीने टिपलंय.

याच्याच आधारावर घरोघरची सूचना उभी आहे: ‘छुन वू छ्यू दोंग’. वसंतात गुरफटून राहा, शरदात थोडं गारठू द्या. आपल्याकडे कुणी मुलाला थंडी लागू द्या म्हणणार नाही, म्हणून ही उलटी वाटते. कारण कपड्यांच्या पेटीत नाही, शरीराच्या सवयीत आहे: अंगाला आधीच्या ऋतूची सवय असते, ती हळू सोडायची. बीजिंगमध्ये घरं तापवणारं गरम पाणी साधारण 15 मार्चला बंद होतं. हवामानखात्याच्या व्याख्येने वसंत, म्हणजे पाच दिवसांची सरासरी 10 अंशांच्या वर स्थिर होणं, त्यानंतर काही दिवसांनी येतं. या मधल्या फटीत ‘दाओ छुन हान’, उलटा फिरलेला गारठा, गाठतो. जर्दाळूचा मोहोर जळतो, दक्षिणेकडे भाताची रोपं सडतात, माणसं आजारी पडतात. म्हणून वसंतात आधी वरचे कपडे कमी करायचे, पायातले शेवटी. आणि शरदातलं गारठणं पहिल्या गारव्यापुरतंच, निरोगी माणसांपुरतंच. हिमकण-पातानंतरही ते चालू ठेवणं म्हणजे म्हणीचा गैरसमज.

वेळ चुकलेल्या वस्तूंचे दोन वाक्प्रचार आहेत. एक ‘श्या लू दोंग शान’, उन्हाळ्यात शेगडी, हिवाळ्यात पंखा: निरुपयोगी भेट. पहिल्या शतकातल्या वांग छोंगने ही उपमा दिली आणि थोडं पुढे स्वतःच तिला खोडलं: उन्हाळ्यातली शेगडी ओलं वाळवते, हिवाळ्यातला पंखा विस्तव फुलवतो. शब्दकोश पहिलं वाक्य घेतात आणि दुसरं सोडतात, याचं वाईट वाटतं. दुसरा ‘छ्यू शान ज्येन ज्वेन’, शरदात टाकून दिलेला पंखा. हान सम्राट छंगच्या मर्जीतून उतरलेल्या बान ज्येयूच्या नावावर असलेल्या कवितेत गोल रेशमी पंखा आहे, नव्या हिमासारखा पांढरा, धन्याच्या बाहीत राहणारा. शरद आला की पेटीत पडणार या धास्तीत तो जगतो. ‘नव्याचे नऊ दिवस’ याच्या जवळ जातं, पण त्यात पंख्याची बाजू नाही.

झ्वांगत्स या प्राचीन ताओवादी विचारवंताच्या ग्रंथात समुद्रदेव नदीच्या देवाला सांगतो की उन्हाळी किड्याशी बर्फाबद्दल बोलता येत नाही, तो आपल्या ऋतूत बांधलेला आहे. त्याच्या आधीचंच वाक्य: विहिरीतल्या बेडकाशी समुद्राबद्दल बोलता येत नाही, तो जागेत बांधलेला आहे. संस्कृतातला कूपमंडूक आणि हा चिनी बेडूक शेजारी ठेवले की आनंद होतो. पण काळात अडकलेला किडा आपल्याकडे नाही, तो घेण्यासारखा आहे.

थंडी मोजायची रीत तर हातात धरून बघता येते. हिवाळी अयनाच्या दिवसापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट, एकूण 81 दिवस. पहिल्या-दुसऱ्या नवात हात बाहेर काढवत नाहीत. तिसऱ्या-चौथ्यात गोठलेल्या नदीवरून चालता येतं. पाचव्या-सहाव्यात काठाने विलो बघत फिरावं. सातव्यात नदी फुटते, आठव्यात रानहंस येतात. नऊ नवं आणि वर आणखी एक नव, की शेतभर बैल. मोजून बघा: 21 डिसेंबर पहिला दिवस धरला तर तिसरं नव 8 ते 16 जानेवारी, वर्षातली सर्वांत कडक थंडी. सहावं नव 4 फेब्रुवारीला लागतं, त्याच दिवशी वसंतारंभ. म्हणून ‘वसंत सहाव्या नवाच्या डोक्यावर बसतो’. हेही गाणं बीजिंगच्या आसपासचं. हारबिनला सोंगह्वा नदी फुटायला एप्रिल उजाडतो.

हे दिवस मोजायला तक्ता असे. एका प्रकारात नऊ नऊ पाकळ्यांची नऊ आलुबुखारवर्गीय ‘मेय’ फुलं कोऱ्या रेषांनी काढायची आणि रोज एक पाकळी रंगवायची. खऱ्या फुलाला पाकळ्या पाचच, नऊ मोजणीसाठी. दुसऱ्या प्रकारात नऊ फटकाऱ्यांची नऊ अक्षरं पोकळ काढून टांगत आणि रोज एक फटकारा शाईने भरत. प्रसिद्ध वाक्य असं: मंडपापुढच्या लोंबत्या विलो, जिवाला जप, वसंतवाऱ्याची वाट पाहा. आज हे करून बघणाऱ्यांची एक चूक ठरलेली आहे. ते सोप्या केलेल्या नव्या लिपीत लिहितात, आणि त्यात ‘वारा’ चारच फटकाऱ्यांचा आहे. वसंत पाच दिवस आधीच येतो. जुनीच लिपी घ्यावी लागते.

तिसरा प्रकार सर्वांत साधा, आणि मला सर्वांत आवडतो. नऊ चौकटी, प्रत्येकीत नऊ वर्तुळं. रोज रात्री त्या दिवसाचं वर्तुळ भरायचं, पण सगळं नाही. ढगाळ दिवस असेल तर वरचा भाग, ऊन असेल तर खालचा, वारा असेल तर डावा, पाऊस असेल तर उजवा. बर्फ पडला तर ठिपका मध्यभागी. 11 मार्चला तक्ता भिंतीवरून काढायचा आणि मधले ठिपके मोजायचे. तेवढ्या वेळा गव्हावर रजई पडली.